लाकडात कोरलेले ओठ

जुन्या संगीताच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास सांगणारे पंडित बहुधा ग्रंथालयापासून आरंभ करतात. कोणत्या दप्तरात कोणते हस्तलिखित सापडले, कोणत्या संपादकाने ते शोधून छापले आणि कोणत्या गायक-वादकाने ते प्रथम श्रोत्यांपुढे मांडले, या क्रमाने त्यांचे निरूपण चालते. आणि ज्याने लाकूड निवडले, वाळवले, चरकावर चढवले आणि आतून पोखरले, त्या मनुष्याला या निरूपणात जागा मिळालीच तर ती तळटीपेत मिळते. युरोपातील रेकॉर्डर नामक बासरीची हकीकत ज्याने बारकाईने पाहिली असेल त्याला हा क्रम उलटा वाटल्यावाचून राहणार नाही. माझे तर स्पष्ट मत असे आहे, की गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिकडे जुन्या संगीताला जी नवी पालवी फुटली तिचे पहिले श्रेय कातारी माणसाचे आहे, आणि ज्या ज्या वेळी या चळवळीने त्याला दुय्यम लेखले त्या त्या वेळी तिची चाल बिघडली आहे.

नावावरून कोणाच्या डोळ्यांपुढे ध्वनिमुद्रणाचे यंत्र येईल, आणि ज्यांची मुले इंग्रजी शाळांतून शिकली त्यांना पाटीपुस्तकांच्या पिशवीत कोंबलेली कर्कश प्लास्टिकची नळी आठवेल. येथे अभिप्रेत आहे ते हाताने घडवलेले, उभे धरून वाजवायचे लाकडी वाद्य, ज्याला पुढल्या अंगास सात छिद्रे आणि मागल्या अंगास अंगठ्यासाठी एक छिद्र असते, आणि ज्यातले ते मागले छिद्र नखाने किंचित उघडे ठेवून वादक वरच्या सप्तकात प्रवेश करतो. आपल्या आडव्या बासरीत फुंकेला आकार देण्याचा अधिकार वादकाच्या ओठांकडे असतो. ओठांचा कोन थोडा फिरवला की स्वर चढतो वा उतरतो, फुंकेचा झोत रुंदावला की त्याचा पोत पालटतो. रेकॉर्डरमध्ये हा अधिकार वादकाकडून काढून घेतलेला आहे. तोंडाकडच्या टोकात सीडरच्या मऊ लाकडाची एक गुडदी बसवलेली असते, तिच्या माथ्यावर एक अरुंद वायुमार्ग राखलेला असतो, आणि त्यातून आलेला श्वास समोरच्या खिडकीतील पातळ धारेवर आदळून तेथे नाद उत्पन्न होतो. आपल्या जत्रांतून मिळणाऱ्या अलगुजाची घडण याच तत्त्वावर असते. याचा अर्थ असा, की वादकाचे ओठ कारागिराने अगोदरच लाकडात कोरून ठेवलेले आहेत. ते चांगले कोरले गेले असतील तर वादक आपली विद्या प्रकट करू शकतो, आणि वाईट कोरले गेले असतील तर कितीही मोठा वादक आला तरी त्याला त्यांत तिळमात्र दुरुस्ती करता येत नाही. अन्य वाद्यांत कारागीर साहित्य पुरवतो. या वाद्यात तो प्रत्येक स्वरात सहभागी असतो.

ही कारागिरी म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तिच्यावरच पुढील सगळा मजकूर उभा आहे. अठराव्या शतकातील उत्तम रेकॉर्डर बहुतेक बॉक्सवुडचे असत. हे झाड इतके सावकाश वाढते की त्याचा ओंडका हाताला हस्तिदंतासारखा घट्ट लागतो, आणि तो कापल्यावर वर्षानुवर्षे वाळवावा लागतो. वाळलेला तुकडा चरकावर धरून आरपार भोक पाडतात आणि मग तो पुन्हा बाजूला ठेवतात, कारण पोटातला ताण सुटला की लाकूड वळते, आणि ते वळून स्थिर झाल्याशिवाय पुढचे काम करणे म्हणजे वाळूवर वाडा बांधणे होय. नंतर आतली पोकळी माथ्याकडे रुंद आणि पायाकडे निमुळती अशी खरवडून काढायची. हा उतार सरळ नसतो, त्यात कोठे किंचित फुगवटा तर कोठे किंचित आवळ असतो, आणि वरच्या सप्तकातील स्वर खालच्यांशी जुळतात की नाही हे त्या फुगवट्या-आवळांवर ठरते. बोटांची छिद्रे बाहेरून लहान दिसतात, पण आतून ती कातरून रुंद केलेली असतात, आणि स्वर चढवायचा वा उतरवायचा तो या आतल्या कातरण्याने. सर्वांत शेवटी वायुमार्गाचे छत, गुडदीचा माथा आणि ती धार यांचा परस्परमेळ. येथे काम मिलिमीटरच्या दशांशात चालते. गुडदीच्या कडेवरून पाते एकदा जास्त फिरले तर स्वर घोगरा होतो, आणि काढलेले लाकूड परत चिकटवता येत नाही. इतके करूनही वाद्य पूर्ण झाले असे म्हणता येत नाही, कारण वादकाच्या श्वासातल्या ओलाव्याने गुडदी फुगते, म्हणून नवे वाद्य प्रारंभी रोज थोडी मिनिटेच वाजवायचे, तेल पाजायचे, आणि काही आठवड्यांनी ते पुन्हा कारागिराकडे न्यायचे.

असे हे वाद्य एके काळी राजवाड्यात आणि रस्त्यावर सारख्याच प्रतिष्ठेने नांदत होते. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री वारल्यानंतर 1547 मध्ये त्याच्या जिंदगीची जी याद करण्यात आली तीत 76 रेकॉर्डरांची नोंद आहे. त्याआधी 1535 मध्ये व्हेनिसच्या गानासी नामक वादकाने या वाद्यावर स्वतंत्र ग्रंथ छापला, आणि वादकाने मनुष्याच्या कंठाचे अनुकरण करावे असा त्यात उपदेश केला. आपल्याकडील गायकी अंगाची कल्पना ज्यांना परिचित आहे त्यांना यात परके काही वाटणार नाही. हॅम्लेटच्या तिसऱ्या अंकात राजपुत्र एका कपटी मित्रापुढे हेच वाद्य धरतो, आणि तुला ही एवढीशी नळी वाजवता येत नाही तर माझे अंतःकरण वाजवू कसे पाहतोस, अशा आशयाचे त्याला ऐकवतो. आगरकरांनी ‘विकारविलसित’ या नावाने केलेले हॅम्लेटचे भाषांतर ज्यांनी वाचले आहे त्यांना हा प्रसंग ठाऊकच आहे. हॉलंडातील उत्रेख्त शहरी याकोब फान आइक नावाचा एक अंध वादक होता. त्याची मूळ नेमणूक चर्चच्या घंटा वाजवण्यावर होती, परंतु 1649 मध्ये त्याचा तनखा वाढवून 100 गिल्डर करण्यात आला तो या शर्तीवर, की त्याने अधूनमधून सायंकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्या लोकांना आपल्या लहानशा बासरीने रिझवावे. कोणत्याही दप्तरात एवढी रसिक शर्त आजवर किती वेळा लिहिली गेली असेल, याविषयी मला शंका आहे. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस याने 1668 मध्ये एका नाटकात या जातीच्या वाद्यांचा मेळ ऐकला, त्या माधुर्याने त्याचा जीव अक्षरशः कासावीस झाला, आणि थोड्याच आठवड्यांत तो बाजारात जाऊन एक रेकॉर्डर विकत घेऊन आला.

पुढच्या शतकात बाखने ब्रांडेनबुर्ग कंचेर्तोंपैकी दुसऱ्या आणि चौथ्या रचनेत त्याला मानाचे पान वाढले, हॅंडेल आणि टेलेमान यांनी त्याच्यासाठी सोनाटा लिहिले, आणि मग पन्नासएक वर्षांच्या आत ते दृष्टीआड झाले. यात कोणाचा अन्याय नव्हता. सभागृहे मोठी झाली, वाद्यवृंद मोठे झाले, आणि रसिकांना स्वर हळूहळू वाढत जाऊन पुन्हा ओसरताना ऐकण्याची गोडी लागली. रेकॉर्डरमध्ये फुंकेचा जोर वाढवला की आवाजाबरोबर स्वरही चढतो, त्यामुळे ही मागणी त्याला पुरी करता येईना. आडव्या बासरीने त्याची जागा घेतली ती आपल्या गुणांवर घेतली. जुने ते सर्व सोने आणि नवे ते सर्व कथील, अशा भावनेने जे लोक या विषयाकडे येतात त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

या वाद्याला पुन्हा जागे करणारा आर्नोल्ड डोल्मेच हा 1858 मध्ये फ्रान्समधील ल माँ येथे पियानो आणि ऑर्गन घडवणाऱ्या कुळात जन्मला, ही बाब मला त्याच्या पुढील सर्व विद्वत्तेहून महत्त्वाची वाटते. लंडनच्या ग्रंथालयांत त्याला जुन्या रचना सापडल्या तेव्हा त्या वाजवायच्या कशावर, हा प्रश्न त्याने विद्वत्सभेपुढे टाकला नाही. त्याने हत्यारे काढली. 1893 मध्ये ल्यूट, पुढल्या वर्षी क्लॅव्हिकॉर्ड, 1896 मध्ये हार्प्सिकॉर्ड, असा त्याच्या हातांचा क्रम आहे. यंत्रयुगाच्या विरोधात हस्तकौशल्याचा झेंडा घेऊन उभा राहिलेला विल्यम मॉरिस त्याचा चाहता होता, ते हार्प्सिकॉर्ड कलाकारागिरीच्या प्रदर्शनात ठेवले गेले ते त्याच्याच आग्रहाने, आणि मॉरिस अंथरुणाला खिळला असता डोल्मेचने त्याच्यापाशी बसून जुनी गते वाजवली. वृत्तपत्रांतून संगीतावर लिहिणाऱ्या बर्नार्ड शॉनेही त्याची पाठराखण केली.

रेकॉर्डरच्या बाबतीत तर प्रसंगच विलक्षण घडला. पीटर ब्रेसान या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या लंडनवासी कारागिराने केलेला एक रेकॉर्डर डोल्मेचने 1905 मध्ये लिलावाच्या बाजारातून मिळवला होता आणि तो त्यावर वाजवीत असे. 1919 मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर ज्या पिशवीत हे वाद्य होते ती फलाटावर विसरून राहिली आणि गहाळ झाली. पुढे ते वाद्य जुन्या बाजारातून परत आले खरे, परंतु दरम्यान डोल्मेचने आपल्यापाशी असलेल्या मापांवरून नवा रेकॉर्डर घडवायला घेतला होता आणि अनेक अपयशांनंतर तो साधला होता. हरवलेल्या एका पिशवीतून एक आख्खा व्यवसाय निर्माण झाला, असे या घटनेचे वर्णन काही लेखक गमतीने करतात. मला त्यात गंमत कमी आणि शिस्त अधिक दिसते, कारण माप घेऊन ठेवण्याची सवय नसती तर ती पिशवी हरवली ती हरवलीच असती. सरे परगण्यातील हॅझलमिअर येथे त्याने आपली कर्मशाळा थाटली, 1925 पासून तेथे जुन्या संगीताचा वार्षिक उत्सव भरू लागला, आणि लहानथोर आकारांच्या रेकॉर्डरांचा पुरा मेळ तेथे पुन्हा ऐकू आला.

यानंतरची हकीकत यशाची आहे, आणि यश हीच तिची अडचण आहे. त्या उत्सवाहून जर्मनीत परतलेल्या पीटर हार्लान याने तेथे हे वाद्य लोकप्रिय केले, परंतु आरंभीच्या विद्यार्थ्याला एक स्वर सोपा जावा म्हणून छिद्रांची मापे बदलली, आणि त्याचा मोबदला म्हणून लगतचा तीव्र स्वर कायमचा बिघडून बसला. इंग्लंडात शाळाशाळांतून रेकॉर्डर शिकवण्याची टूम निघाली, दुसऱ्या महायुद्धानंतर खुद्द डोल्मेच कुटुंबाच्याच कारखान्यातून बेकलाइटचे रेकॉर्डर बाहेर पडू लागले, आणि पुढे जपानी कंपन्यांनी प्लास्टिकमध्ये ते इतके स्वस्त आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, इतके सुरेल केले की तीस-चाळीस मुलांच्या वर्गाला त्याहून बरे साधन मिळणे कठीण. यात वाईट काय, असे कोणी विचारील. वाईट इतकेच, की एका वाद्याची दोन वाद्ये झाली आणि लोकांनी दुसऱ्यावरून पहिल्याची पारख केली. ज्या पालकाने आपल्या घरी तीन महिने ती नळी ऐकली आहे, तो बाखच्या मैफलीचे तिकीट काढील अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर जुलूम आहे.

ही घसरण थांबवली ती पुन्हा मापपट्टीनेच. डच वादक फ्रान्स ब्रूखेन याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रेसान, स्टेन्सबी, डेनर इत्यादी कारागिरांची मूळ वाद्ये जमवली, त्यांवर ध्वनिमुद्रणे केली, आणि लोकांना प्रथमच कळले की शाळेतल्या नळीच्या नात्यातले हे वाद्य किती सखोल आणि किती खट्याळ बोलू शकते. परंतु मला ब्रूखेनहून अधिक आदर आहे तो ऑस्ट्रेलियातील फ्रेडरिक मॉर्गन या कारागिराबद्दल. त्याने ब्रूखेनच्या संग्रहातील वाद्यांची आतून-बाहेरून मापे घेऊन त्यांचे तपशीलवार आराखडे काढले, आणि 1981 मध्ये टोकियोहून ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. घराण्याची विद्या कुलुपात ठेवण्याची वहिवाट सर्व देशांत आहे, आणि मॉर्गन स्वतः याच धंद्यावर पोट भरणारा असल्यामुळे ती मापे गुप्त ठेवणे त्याच्या फायद्याचे होते. त्याने ती खुली केली, आणि आज जगात कोठेही चरकावर बॉक्सवुड चढवणारा माणूस त्या आराखड्यांचा थोडाफार ऋणी आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. रिचर्ड तारुस्किन या अमेरिकन संगीतज्ञाने 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधसंग्रहात असे प्रतिपादन केले, की ही सारी ‘अस्सल’ जुनी शैली वस्तुतः विसाव्या शतकाच्या रुचीची निर्मिती आहे. भूतकाळाचे नाव घेऊन आपण आपलीच आवड वाजवतो. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला पुरावे हवे असतील तर ते रेकॉर्डरमध्येच मुबलक आहेत. आज ज्या बोटपद्धतीला बरोक म्हणतात ती बरोक काळात त्या रूपात नव्हती, ती डोल्मेचने सुधारून घेतलेली आहे. जुन्या संगीतासाठी आज जो 415 कंपनांचा षड्ज सर्वमान्य झाला आहे (षड्ज हा शब्द मी आपल्या सोयीने वापरतो, तिकडे तो एक ठरलेला स्वर आहे), तो निवडण्यात आधुनिक 440 हून बरोबर अर्ध्या स्वराने खाली असण्याची सोय मोठी होती. ब्रेसानची कित्येक वाद्ये त्याहूनही खाली बोलतात. परंतु एवढे कबूल करूनही तारुस्किन यांचा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. वादकाची शैली ही कल्पना असू शकते, श्रोत्याचा कान हा आजचाच असतो, मात्र पोकळीचा उतार ही कल्पना नव्हे. अठराव्या शतकातल्या मापाने पोखरलेली नळी वादकाच्या इच्छेला जागोजाग नकार देते, येथे जोरात फुंकू नकोस, येथे घाई करू नकोस, असे बजावते, आणि त्या नकारांतून वादकाला जे शिकायला मिळते ते ग्रंथांतून मिळत नाही. इतिहासाचा असा साक्षीदार, जो आपल्या म्हणण्याला होकार देण्यास बांधलेला नाही, वाद्याखेरीज दुसरा कोणता आहे? शिवाय एकदा जागे झालेले वाद्य जुन्यापुरते राहत नाही. इटालियन रचनाकार लुचानो बेरिओ याने 1966 मध्ये ब्रूखेनसाठी जी रचना केली तिच्याइतकी नवी, किंबहुना कानाला बोचणारी वस्तू त्या काळात दुसरी क्वचितच असेल.

सरकारदरबारी या कारागिरांची जी दखल घेतली जाते तीही चमत्कारिक असते. 2017 पासून रेकॉर्डरसाठीही वापरल्या जाणाऱ्या शिसवीच्या सर्व जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आल्या, आणि फर्निचरसाठी जंगले कापणाऱ्यांना आळा घालण्याकरिता केलेल्या त्या नियमाने एक-दोन किलो लाकूड वापरणाऱ्या बासरीवाल्यालाही परवान्याच्या फेऱ्यात ओढले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला 2019 साल उजाडले.

आता आपल्या घराकडे. डोल्मेचचा आणि मिरजेचा काही संबंध नाही, आणि तो जुळवण्याची मला हौसही नाही. परंतु शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या तेव्हापासून त्या गावात जी विद्या साठत आली आहे तिच्यापुढेही कारागिराची विद्या टिकवण्याचा हाच प्रश्न उभा आहे. भीमाकाठचा भोपळा, त्यावर चढवलेली दांडी आणि नक्षी हे डोळ्यांना दिसते. तंबोऱ्याचा प्राण मात्र घोडीच्या पाठीवर असतो. ती पाठ कानसेने घासून असा अदृश्य उतार द्यायचा की तार तिला स्पर्शत-सुटत थरथरेल आणि स्वरातून स्वयंभू स्वर उमटतील, याला जवारी लावणे म्हणतात, आणि हे काम रेकॉर्डरच्या गुडदीइतकेच नाजूक व तितकेच परत न घेता येण्याजोगे आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आहे. परंतु मानांकनाने नक्कल करणाऱ्यावर दावा लावता येतो. अस्सल कसे करावे हे त्या कागदातून कोणी शिकत नाही, आणि दरम्यान बहुतेक गाणाऱ्यांच्या घरी तंबोऱ्याची खोळ न निघता इलेक्ट्रॉनिक पेटीचे बटण दाबले जाते.

माझी सूचना मर्यादित आहे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा संग्रह आहे, संस्थानी वाड्यांतून आणि गवयांच्या घरांतूनही उत्तम तंबोरे पडून आहेत. एखाद्या विद्यापीठाने मिरजेतील जाणत्या कारागिरांना सन्मानाने सोबत घेऊन त्यांतील निवडक वाद्यांची मापे घ्यावीत, भोपळ्याची जाडी, दांडीची पोकळी, तबलीची गोलाई, घोडीचा उतार, हे सर्व आराखड्यांसह छापावे, आणि जे कारागीर आपले घराण्याचे ज्ञान त्यात घालतील त्यांना त्याचा मोबदला रोख द्यावा, कारण मॉर्गनचे औदार्य सर्वांकडून फुकट मागण्याचा आपल्याला हक्क नाही. त्याबरोबरच शिकाऊ उमेदवारांना कारागिराच्या हाताखाली ठेवून तनखा द्यावा, आणि तो सध्याच्या प्रशिक्षण-शिबिरांप्रमाणे काही आठवड्यांचा नसून निदान पाच वर्षांचा असावा. भोपळा आणि लाकूड वाळायलाच कित्येक महिने लागतात, आणि आपण निवडलेले लाकूड पुढे कसे वळले हे ज्याने एकदाही पाहिले नाही त्याला घोडीवर कानस फिरवायला कोणताही शहाणा उस्ताद देणार नाही.